काडतूस कुणाच्या मापाचे?

२६ सप्टेंबर १८७४. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर क्रीडमूर नावाच्या मैदानात हजारोंची गर्दी आहे. आयर्लंडचे सहा आणि अमेरिकेचे सहा नेमबाज दिवसभर ८००, ९०० आणि १,००० यार्डांवरून गोळ्या झाडत आहेत. आयर्लंडचे ९३१ गुण झाले आहेत. अमेरिकेचे ९३० आहेत आणि त्यांची एकच गोळी उरली आहे. ती झाडायची आहे कर्नल जॉन बोडाइन याला. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्याचा हात कापला आहे. हाताला रुमाल गुंडाळून तो आडवा होतो. एक हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तेवढ्या अंतरावर लोखंडी निशाणाच्या मध्यभागी तीन फुटांचा काळा चौकोन. गोळी चौकोनात बसते. चार गुण. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

हा प्रसंग अमेरिकन नेमबाज आजही रंगवून सांगतात, आणि तो रंगवण्याजोगा आहेच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक किरकिरा प्रश्न पडतो. त्या दिवशी जिंकले कोण? बोडाइनचा डोळा, त्याची रायफल, की त्या रायफलीत बसलेले काडतूस? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे. तो १८७४ मध्ये सुटला नाही. गेल्या दीडशे वर्षांत लांब पल्ल्याच्या स्पर्धांचे जे नियम झाले, मोडले, पुन्हा झाले, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी हेच भांडण आहे: गोळीने नळीच्या मापाचे व्हायचे, की नळीने गोळीच्या?

आपल्याकडे नेमबाजी म्हटले की पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे आठवतो. त्याचे अंतर ५० मीटरांचे आणि दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरांचे. त्या खेळाची अवघड बाजू निराळी. हजार यार्डांवर गोळी दीड सेकंदाहून अधिक काळ हवेत असते. वारा तिला कित्येक फूट ढकलतो. एका काडतुसात दारू किंचित कमी पडली की गोळी खाली लागते. माणसाचा नेम आणि काडतुसाचा स्वभाव यांची इतकी गुंतागुंत होते की चूक कुणाची हे ठरवताना पंचांची पंचाईत व्हावी.

आधी वस्तू समजून घेऊ. काडतूस हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, आणि तो आला तेव्हा त्याचा अर्थ दारू व गोळी बांधलेली कागदाची पुडी एवढाच होता. ठासणीच्या बंदुकीत ती पुडी फाडून दारू नळीच्या तोंडातून ओतायची आणि वरून गोळी गजाने ठासायची. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्या खाचांत गोळी घट्ट बसली तरच ती भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. पण घट्ट गोळी तोंडातून ठासणार कशी? आणि सैल गोळी खाचा पकडणार कशी? सारे भांडण या एका पेचातून निघते.

ब्रिटिश लष्कराच्या १८५३च्या एन्फील्ड रायफलीने यावर तोड काढली होती. नळीचा व्यास .५७७ इंच, गोळी त्याहून किंचित लहान, .५६८ इंच. गोळीचा बूड पोकळ. स्फोट झाला की बूड फुगतो आणि खाचांत रुततो. गोळीभोवती चरबी लावलेला कागद, म्हणजे ती नळीतून सुखाने घसरावी. पुढे काय झाले हे शाळेच्या पुस्तकात आहे. त्या चरबीचा संशय, २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठच्या परेडवर ९०पैकी ८५ सैनिकांनी काडतूस घेण्यास दिलेला नकार, आणि १० मेचा उठाव.

शाळेच्या पुस्तकात नसलेली गोष्ट ही की ते काडतूस गोऱ्या सैनिकांनाही धड बसत नव्हते. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात चरबी वितळून कागदात जिरे, काही गोळ्या झाडल्यावर नळीत काजळीचा थर जमे, आणि नवी गोळी अर्ध्यात अडकून बसे. इंग्लंडच्या हवेत आखलेले माप इथे चुकले. पुढच्या दोन-तीन वर्षांत लष्कराने गोळीचा व्यास .५५० इंचांवर आणला आणि वंगणात चरबीऐवजी मेणाचे प्रमाण वाढवले. १८५७च्या काडतुसाचा अभ्यास आपण धर्मभावनेच्या अंगाने पुष्कळ केला आणि तो योग्यच आहे. मात्र मापाच्या अंगाने तो फारसा कुणी करत नाही.

त्याच वसंतात इंग्लंडच्या हाइद येथे या एन्फील्डला एक प्रतिस्पर्धी उभा राहिला होता. मँचेस्टरचा अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याला सरकारने १८५४ मध्ये नळ्या बनवण्याची यंत्रे आखायला सांगितली. त्याने सांगितले की मुळात चांगली नळी कशी असावी हेच कुणाला ठाऊक नाही, आधी प्रयोग करू द्या. मग त्याच्या घराच्या आवारात सरकारी खर्चाने ५०० यार्ड लांबीची झाकलेली चांदमारी बांधण्यात आली. प्रयोगांती त्याने जी रायफल काढली तिची नळी आतून षट्कोनी होती. व्यास .४५१ इंच. एन्फील्डचा पीळ ७८ इंचांत एक फेरा घेई, व्हिटवर्थचा २० इंचांत. गोळीही षट्कोनी आणि नळीत तंतोतंत बसणारी, जणू बोल्टवर नट. गंमत अशी की दोन्ही गोळ्यांचे वजन सारखेच, ५३० ग्रेन. ग्रेन हे बंदूकवाल्यांचे वजन, एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. शिसे तेवढेच, दारू जवळजवळ तेवढीच, फक्त गोळी आणि नळी यांचे जुळणे निराळे. हाइदच्या चाचणीत व्हिटवर्थने एन्फील्डला सपशेल मागे टाकले.

तरी लष्कराने व्हिटवर्थ घेतली नाही. ती महाग होती आणि तिची अरुंद नळी काजळीने लवकर गच्च होई. रणांगणावर सैनिक नळी पुसत बसणार नाही. चांदमारीवर मात्र पुसायला वेळ असतो. लढाईचे काडतूस आणि स्पर्धेचे काडतूस यांच्या वाटा इथे प्रथम फुटल्या.

२ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर ब्रिटिश नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या मेळाव्याचे उद्घाटन झाले. राणी व्हिक्टोरियाने रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरची गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. वर्तमानपत्रांनी राणीच्या नेमाचे कौतुक केले. वास्तविक रायफल लोखंडी चौकटीत घट्ट आवळलेली होती, नेम स्वतः व्हिटवर्थने लावून ठेवला होता आणि राणीच्या वाट्याला फक्त दोरी आली होती. माणूस वगळून नळी आणि गोळी यांनाच बक्षीस द्यायचे झाले तर काय दिसेल, याचे यापेक्षा चांगले प्रात्यक्षिक सापडणार नाही. त्याच मेळाव्यात ‘क्वीन्स प्राइझ’ ही २५० पौंडांची स्पर्धा सुरू झाली. तिची पहिली फेरी जवळच्या अंतरांवर एन्फील्डने आणि अंतिम फेरी ८०० ते १,००० यार्डांवर व्हिटवर्थने खेळायची होती. म्हणजे आयोजकांनाच ठाऊक होते की सैनिकाच्या हातची रायफल हजार यार्डांच्या कामाची नाही.

आता पुन्हा क्रीडमूरकडे. १८७३ मध्ये आयर्लंडने विम्बल्डनची एल्चो शील्ड प्रथमच जिंकली आणि मेजर आर्थर लीच यांनी न्यूयॉर्क हेराल्डमधून अमेरिकन नेमबाजांना आव्हान दिले. अमेरिकेची रायफल संघटना तेव्हा अवघ्या दोन वर्षांची होती आणि क्रीडमूरचे मैदान त्याच वर्षी खुले झाले होते. हजार यार्डांचा अनुभव असलेले लोक अमेरिकेत जवळजवळ नव्हतेच. तरी आव्हान स्वीकारले गेले. अटी ठरल्या: रायफल दहा पौंडांहून जड नको, चाप तीन पौंडांहून हलका नको, कृत्रिम टेकू नको. अमेरिकनांनी अमेरिकेत बनलेलीच रायफल वापरायची.

काडतुसाबद्दल अट नव्हती. इथे दोन संघ दोन वेगळ्या युगांतून आले. आयरिश संघाकडे डब्लिनच्या रिग्बी यांच्या ठासणीच्या रायफली होत्या. खुद्द जॉन रिग्बी संघात होता. ही माणसे जुनाट हत्यार घेऊन आली होती असे समजू नये. ठासणीच्या रायफलीत नेमबाज दारू तराजूत तोलून लांब नळकांड्यातून ओततो, म्हणजे कण भिंतीला चिकटत नाहीत. गोळी ठासली जाताना मागची काजळी खाली ढकलते. प्रत्येक वेळी नळीची अवस्था जवळजवळ सारखीच राहते. थोडक्यात, तो प्रत्येक गोळी त्या क्षणीच्या नळीच्या मापाने बसवतो. अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्स यांच्या मागून भरायच्या रायफली होत्या. पितळी कोशात टोपी, दारू आणि गोळी आधीच बांधलेली. हे काडतूस घरीच पूर्ण होते. मैदानावर त्यात काही बदलता येत नाही. ते बसते किंवा बसत नाही.

दुसऱ्या दिवशीपासून अमेरिकेत हा मागून भरायच्या रायफलीचा विजय म्हणून गाजला, आणि पुष्कळ पुस्तकांत अजून तसेच लिहिलेले असते. मी अंतरानुसार गुण मांडून पाहिले तेव्हा माझा त्यावरचा विश्वास उडाला. ८०० यार्डांवर अमेरिका ३२६, आयर्लंड ३१७. ९०० यार्डांवर अमेरिका ३१०, आयर्लंड ३१२. १,००० यार्डांवर अमेरिका २९८, आयर्लंड ३०२. अंतर जसे वाढले, तशी ठासणीची जुनी रायफल पुढे गेली. सगळी आघाडी अमेरिकेने पहिल्या, सर्वांत जवळच्या अंतरावर कमावली आणि मग ती गमावत शेवटच्या गोळीपर्यंत आली.

त्यात आणखी एक गोष्ट. आयर्लंडच्या जे. के. मिल्नर याची एक गोळी नेमकी काळ्या चौकोनात बसली, पण शेजारच्या निशाणाच्या. शून्य गुण. ती योग्य निशाणावर असती तर चार गुण मिळून आयर्लंड ९३५ वर गेले असते आणि बोडाइनच्या रुमालाची गोष्ट आज कुणाला ठाऊक नसती. (मिल्नरबद्दल मला आतून सहानुभूती आहे. एनसीसीच्या शिबिरात मला .२२ रायफलीच्या पाच गोळ्या मिळाल्या होत्या. त्यांपैकी दोन शेजारच्याच्या कागदावर सापडल्या. शेजाऱ्याला सात भोके मिळाली. उस्तादांनी त्याचे अभिनंदन केले.)

अमेरिकेच्या बाजूने न्याय्य तेही सांगायला हवे. सर्वांत जास्त, १८०पैकी १७१ गुण हेन्री फुल्टन या अमेरिकनाने मिळवले, तेही पाठीवर उताणे पडून. पण एका माणसाचा दिवस चांगला गेला म्हणून यंत्राचा सिद्धान्त सिद्ध होत नाही. १८७४चा निकाल रायफलींबद्दल काहीच सांगत नाही, असे माझे मत आहे. निकालाने पितळी काडतुसाला प्रतिष्ठा मात्र दिली आणि पुढची बाजारपेठ तिने घडवली.

हरलेल्या संघातला जॉन रिग्बी १८८७ मध्ये एन्फील्डच्या सरकारी कारखान्याचा अधीक्षक झाला. म्हणजे ठासणीच्या रायफलीचा हा कारागीर नव्या .३०३ रायफलीच्या जन्मावेळी कारखान्याच्या प्रमुखपदी होता. ही ती ‘थ्री नॉट थ्री’, जी आपण परवा-परवापर्यंत पोलिसांच्या खांद्यावर पाहिली. १८८८च्या त्या लष्करी रायफलीचे नाव ली-मेटफर्ड. तिच्या नळीतल्या खाचा विल्यम एलिस मेटफर्ड याने आखलेल्या होत्या. हा मेटफर्ड मूळचा रेल्वे अभियंता. मे १८५७ मध्ये, उठाव पेटलेला असताना तो ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीसाठी कलकत्त्यास उतरला, मुंगेरच्या बचावाच्या कामात गुंतला आणि प्रकृती ढासळून वर्षभरात मायदेशी परतला. पुढे विम्बल्डनच्या स्पर्धांसाठी त्याने नळी आणि गोळी यांचा नवा मेळ घातला: खाचा अगदी उथळ, आणि गोळी शुद्ध शिशाऐवजी कठीण मिश्रधातूची. उथळ खाचांत काजळी साचत नाही. चांदमारीवर सिद्ध झालेली ही युक्ती लष्कराने उचलली.

आणि लगेच पस्तावले. १८९१च्या सुमारास .३०३ काडतुसात काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट आले. धूर नाही, काजळी नाही, वेग जास्त. पण त्याची ज्वाला इतकी प्रखर की मेटफर्डच्या उथळ खाचा झिजून जाऊ लागल्या. ज्या काजळीसाठी त्या उथळ ठेवल्या होत्या ती काजळीच उरली नाही आणि ज्या झिजेचा विचार केला नव्हता ती आली. काडतूस बाहेरून तेच होते, तेच माप, तोच कोश. आतली दारू बदलली आणि नळी निकामी झाली. १८९५ मध्ये पाच खोल खाचांची ‘एन्फील्ड’ नळी आली. ‘बसते म्हणजे जुळते’ या समजुतीला इतके चोख उत्तर मला दुसरीकडे आढळले नाही.

काडतुसाचे माप हा सत्तेचाही प्रश्न असतो, हे वसाहतीच्या सरकारला १८५७ने चांगलेच शिकवले होते. रिग्बीच्या पेढीने १८९८ मध्ये शिकारीसाठी .४५० व्यासाचे प्रसिद्ध काडतूस काढले. १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थानात .४५० रायफली आणि काडतुसे आणण्यास बंदी केली. कारण जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींचा व्यासही तोच, आणि शिकाऱ्याची गोळी बंडखोराच्या हाती पडेल ही धास्ती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी तत्काळ .४७० वगैरे नवी मापे काढली. वाघ मारायला वीस सहस्रांश इंचांनी मोठी गोळी लागत नव्हती. ती सरकारी भीतीची रुंदी होती.

स्पर्धांमध्ये या काळात एक साधा आणि मोठा नियम रुळला. १८९० मध्ये मेळावा विम्बल्डनहून बिस्लीला हलला. तिथे लष्करी रायफलीच्या स्पर्धांत गोळ्या आयोजकांनी द्यायच्या आणि सर्वांनी त्याच वापरायच्या. घरून आणलेले काडतूस चालणार नाही. रायफलही लष्करी नमुन्याचीच हवी. १९०३ मध्ये पाल्मा ट्रॉफीसाठी बिस्लीत अमेरिका जिंकली, पण त्यांच्या नळ्या लष्करी नमुन्याच्या नव्हत्या असा आक्षेप निघाला आणि अमेरिकनांनी ट्रॉफी परत केली.

सरकारी काडतूस हा समतेचा नियम होता. त्याचे उत्तम फळ १९३० मध्ये दिसले. कोंबड्या पाळणाऱ्या मार्जरी फॉस्टर हिने किंग्ज प्राइझच्या अंतिम फेरीत एका सैनिकी अधिकाऱ्याला एका गुणाने हरवले. हे बक्षीस जिंकणारी ती पहिली स्त्री. दोघांच्या नळीत एकाच साठ्यातली काडतुसे. ‘तिची गोळी चांगली होती’ असे कुणाला म्हणता येईना.

पण सरकारी काडतूस काही उत्तम काडतूस नसते. ते कारखान्यात लाखांनी होते आणि त्यात एकाची गोळी थोडी वेगाने जाते, दुसऱ्याची थोडी हळू. हजार यार्डांवर या फरकामुळे गोळ्या उभ्या रेषेत पसरायला हव्यात. तरी बिस्लीचे जुने नेमबाज सांगत की लांब अंतरावर ली-एन्फील्ड आपल्याहून मजबूत, देखण्या रायफलींना मागे टाकते. जवळ मात्र ती तितकी घट्ट मारत नाही. हे चमत्कारिक वाटते, पण कारण यंत्रशास्त्रात आहे. ली-एन्फील्डचा बोल्ट मागच्या बाजूने अडकतो, त्यामुळे गोळी सुटताना सगळी रायफल किंचित लवते आणि नळीचे तोंड वर उचलले जात असते. वेगवान गोळी आधी बाहेर पडते, तेव्हा तोंड थोडे खाली असते. हळू गोळी क्षणभर उशिरा निघते, तेव्हा तोंड थोडे वर गेलेले असते. म्हणून हळू गोळीला आपोआप उंच कोन मिळतो आणि दूरवर दोघी जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. काडतुसातला दोष रायफलीच्या लवचीकपणाने भरून निघे. हे कुणी आखलेले नव्हते. बेभरवशाच्या काडतुसाला लवचीक रायफल मानवली, आणि संसार चालला.

१९५०च्या दशकात नाटो देशांनी एकच काडतूस ठरवायचे मनावर घेतले. १९५४ मध्ये ७.६२ मिलिमीटरचे काडतूस मान्य झाले. दोन वर्षे आधीच, १९५२ मध्ये, अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने त्याचेच नागरी भावंड .३०८ नावाने बाजारात आणले होते. दोन्ही शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळत नाही. एकाच्या रायफलीत दुसरे बसते. इथून आजपर्यंत चाललेला वाद सुरू होतो: बसते, पण चालते का?

या वादात एक आकडा नेहमी फेकला जातो. नाटो काडतुसाचा दाब चौरस इंचाला ५०,००० पौंड, .३०८चा ६२,०००, म्हणून .३०८ धोकादायक. यात गफलत आहे. ५०,००० हा जुन्या पद्धतीचा आकडा. त्यात स्फोटाच्या दाबाने तांब्याचा छोटा ठोकळा किती चेपला हे मोजत. ६२,००० हा विद्युत-स्फटिकाच्या संवेदकाने मोजलेला आकडा. तांब्याचा ठोकळा शिखराचा दाब कमीच दाखवतो. एक माप शेराचे आणि एक किलोचे, अशी ही तुलना आहे. प्रत्यक्ष दाबांत एवढी दरी नाही.

खरा फरक कमी गाजतो, आणि तो लांबीत आहे. काडतूस जिथे बसते त्या चेंबरची खोली लष्करी रायफलीत सैल ठेवतात, कारण चिखल-धुळीतही गोळी आत गेली पाहिजे. नागरी .३०८ची रायफल १.६३८ इंचांचे माप गिळू लागली की नापास ठरते. लष्करी रायफलीला सुमारे १.६४५ इंचांपर्यंत मुभा असते. फरक सात सहस्रांश इंच. लष्करी कोशाचे पितळ जाड असते, ते हा ताण सहन करते. नागरी कोश पातळ. सैल लष्करी चेंबरमध्ये तो ताणला जाऊन बुडाजवळ फाटू शकतो. उलट, जाड कोशात आत जागा कमी. घरी काडतुसे भरणाऱ्याने .३०८च्या हिशेबाची दारू लष्करी कोशात ओतली तर दाब चढतो. बाहेरचे माप सांगते की जुळले. आतले माप काही सांगत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अगदी हाताशी आहे. १९६२च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्याने जुन्या ली-एन्फील्डच्याच घडणीत सुधारित पोलाद वापरून ७.६२ची रायफल बनवली. तीच २ए आणि २ए१. ती पुढे जगभर विकली गेली आणि तिच्यात .३०८ चालेल का, हा वाद परदेशी संग्राहकांत कायम आहे. त्याच संग्राहकांना .३०३च्या कोशांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे सापडतात. ती म्हणजे आपली खडकी. पुण्याचा हा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा कारखाना १९६४चा. खडकी स्टेशनावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की त्यांच्या गावाची आद्याक्षरे कॅनडातला कुणी म्हातारा भिंगाखाली वाचत बसला आहे!

बिस्लीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस .३०३ सोडून ७.६२ घेतले. पुन्हा सरकारी काडतूस, १४४ ग्रेनची गोळी. तिचे दोन दोष होते. पहिला, ती नेमून दिलेल्या मापापेक्षा किंचित बारीक असे. मग नेमबाजांनी काय करावे? गोळी बदलता येत नाही, म्हणून त्यांनी नळ्या बदलल्या. नळी बनवणारे कारागीर स्पर्धेसाठी मुद्दाम नेहमीपेक्षा अरुंद नळ्या घडवू लागले. एन्फील्डच्या काळी उन्हाळ्याने गोळी लहान करायला लावली होती. इथे नियमाने नळी लहान करायला लावली.

दुसरा दोष हवेतला. गोळी ध्वनीच्या वेगाहून खाली उतरताना डगमगते. १४४ ग्रेनची गोळी नेमकी ९०० ते १,००० यार्डांच्या दरम्यान ती सीमा ओलांडत असे, म्हणजे निशाणाच्या अगदी दारात. नेमबाजाने सर्व काही बरोबर केले तरी शेवटच्या शंभर यार्डांत नशीब हात घालणार. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या रेटन येथे होणाऱ्या पाल्मा सामन्यासाठी सिएरा कंपनीने १५५ ग्रेनची लांबट, निमुळती गोळी आखली. ती ३० इंची नळीतून पुरेशा वेगाने सुटली तर हजार यार्डांपर्यंत ध्वनीच्या पुढे राहते. तेव्हापासून पाल्मा रायफलीचे सारे रूप, लांब नळी, चेंबरचे माप, पिळाचा वेग, या एका गोळीभोवती घडले. जुन्या अरुंद नळ्यांना मात्र ही पूर्ण मापाची नवी गोळी जड जाऊ लागली. ज्यांनी सरकारी गोळीसाठी नळी आवळून घेतली होती, त्यांच्यावर ती सैल करून घेण्याची पाळी आली.

पन्नास मीटरांचे नेमबाज हा पेच उलट्या बाजूने सोडवतात. ते आपली .२२ रायफल काडतूस कंपनीच्या चाचणीगृहात घेऊन जातात आणि वेगवेगळ्या दिवशी बनलेले साठे एकामागून एक झाडून पाहतात. ज्या साठ्याचा पुंजका सर्वांत घट्ट, तो साठा विकत घेऊन येतात. नाव तेच, खोके तेच, यंत्र तेच, तरी एक साठा एका नळीला मानवतो आणि दुसरा मानवत नाही. का, याचे पूर्ण उत्तर कारखानदारही देत नाहीत.

क्रीडमूरचे मैदान १९०८ मध्ये राज्य सरकारकडे परत गेले आणि पुढे तिथे मनोरुग्णालय उभे राहिले. ते आजही त्याच नावाने चालते. नाव मात्र नेमबाजांकडे परत आले. २००७ मध्ये हॉर्नडी कंपनीने लांब पल्ल्याच्या स्पर्धांसाठी ६.५ मिलिमीटरचे नवे काडतूस काढले आणि त्याला ‘क्रीडमूर’ म्हटले. स्पर्धकांची तक्रार होती की जिंकणारी काडतुसे घरोघरी, गुप्त पाककृतींनी भरलेली असतात आणि नवख्याला ती मिळत नाहीत. म्हणून कंपनीने सुरुवातीच्या खोक्यांवर कोणती दारू, किती ग्रेन, कोणती टोपी, कोणती गोळी, हे सगळे छापून टाकले.